पुस्तक मीच निवडलं

ती. आईस,

तुझ्या शेंडेफळाचा नमस्कार. बाबांनाही सांग.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. ती काळजी सोड.

संगणकावर संख्याशास्त्र शिकवायला पुस्तक निवडायचं काम माझ्याकडे आलंय, हे कळवलंच होतं. ‘तुम्हाला आवडेल ते निवडा,’ म्हणत विभागप्रमुखांनी स्वतःचंच पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. त्यातले अर्धे प्रोग्रॅम आता चालतच नाहीत. मुलं बिचारी छापलेली उत्तरं उतरवून काढतात. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. भर बैठकीत एकेक चूक दाखवली. साहेब भडकतील असं वाटलं, तर खूशच झाले! म्हणाले, ‘मग हेच ठेवू, आणि नवी आवृत्ती तुम्ही करा. तुमचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवतो.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हो म्हटलं. साहेबांच्या शिफारशीशिवाय तिकडे परत आल्यावर मला कुठलं कॉलेज दारात उभं करणार?

तेव्हा उन्हाळ्यात येणं काही जमत नाही गं. मान मोठा आहे, असं सगळे म्हणतात.

आता उदाहरणांसाठी आकडे जमवत बसते, आणि तुझी पत्रं आठवतात. बाबांचं बीपी दर पत्रात एकशेवीस-ऐंशी. आई, जित्या माणसाचे आकडे थोडे तरी वर-खाली होतात. मी दिवसभर तेच शिकवते.

खरे आकडे कळव. मग मीही खोली किती उबदार आहे, ते खरं सांगेन.

तुझीच,
चिमी