निबाल्दोच्या नावाचा बंब

सान बाल्दोमेरो,
२ ऑगस्ट

प्रिय निबाल्दो,

आम्ही इकडे धडधाकट आहोत, तूही तिकडे स्वीडनमध्ये तसाच असशील असं धरून चालते. दहा वर्षांनी ताईचं अक्षर दिसलं म्हणून पाकीट फाडून टाकू नकोस. आधी वाच.

थंडी आहे, गुडघे कुरकुरतात. आपल्या टेकडीच्या बंबदलाची खजिनदार अजून मीच. आग विझवणारे बंबवाले बिनपगारी, खजिनदारही बिनपगारी. खिम्याच्या एम्पनादा तळून विकायच्या, सोडत काढायची आणि डिझेल भरायचं, सगळं तू होतास तेव्हासारखंच. तरी नऊ वर्षांत दल एकदाही तोट्यात गेलं नाही. दर ऑगस्टच्या सभेत कप्तान सिक्स्तो सांगतात, "निबाल्दोचे आठ लाख पेसो आले," आणि लोक टाळ्या वाजवतात.

हो, तुझेच. आईचं घर मी विकलं तेव्हा फोनवर तू ओरडलास, माझा वाटा समुद्रात फेक म्हणून. मलाही राग आला होता. पण त्याच वर्षी दलाला कुलूप लागायची वेळ आली. मग तुझा वाटा दरवर्षी थोडा थोडा तुझ्या नावाने भरत गेले. माझ्या नावाने भरला असता तर हिच्याकडे कुठून आले, असं सगळ्यांनी विचारलं असतं.

तो वाटा गेल्या वर्षी संपला. आणि आमचा जमाखर्च इतका गुटगुटीत दिसतो की कप्तानांनी जर्मनीहून एक बंब ठरवलाय, हप्त्यांवर, पुढची सहा वर्षं तुझे आठ लाख धरून. परवा सहीचा कागद पुढे ठेवला. "एर्सिलिया, भाऊ असावा तर असा. आता तरी त्याच्यावरचा राग सोड."

सही टाळायला मी म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावरच होता.

सही केली तर वर्षभरात दल बुडेल. नाही केली तर कारण द्यावं लागेल. महिनाअखेरीच्या सभेत मी सगळं सांगणार आहे. खजिनदारी जाईल, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. भीती वाटते रे.

पैसे मागायला हे लिहीत नाही. जुन्या बंबाच्या दारावर पोरांनी तुझं नाव पिवळ्या रंगात लिहिलंय. जानेवारीत वरच्या गल्लीला आग लागली, तेव्हा तोच बंब गेला. आईच्या घराचा मागचा जिना जळाला, घर वाचलं.

ते नाव राहू देऊ का, एवढंच कळव. नको म्हणालास तर सुरी घेऊन मीच खरवडीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

तुझा वाटा समुद्रात न फेकलेली,
ताई