अठ्ठावीस डबे

बिरवाडी, १२ जानेवारी २०२३, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. आईची तुटलेली चप्पल शिवून ठेवली.

हर्षददादास,

लॉकडाऊनमध्ये तू मुंबईहून आलास, तेव्हा गावाने तुला चौदा दिवस शाळेत ठेवलं. आमच्या खानावळीतून दोन वेळचा डबा आईनेच पाठवला. "मुंबईवाल्याची भांडी इथंच घासतात," म्हणून कंपनीतले कामगार जेवायला यायचे थांबले, ते कायमचेच, आणि खानावळ बंद पडली.

काल हायवेवरच्या तुझ्या नव्या हॉटेलातून निरोप आला, "काकूला भाकऱ्या करायला पाठव, पगार देतो." मी नको म्हणालो. आई म्हणाली, "जाते रे. परका हाय का तो?"

आजपासून तू तिचा शेठ. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझा चुलतभाऊ,
सूरज

खर्च: अठ्ठावीस डबे, एक खानावळ.
येणे: शेवटचा डबा, तुझ्याकडून परत न आलेला. त्यावर आईचं नाव कोरलेलं आहे.