डोरीनची मांजरं

हेझेल,

शेजारच्या डोरीनला वृद्धाश्रमात सोडायला गेलोय. तिथे मांजरं ठेवू देत नाहीत. जेवायला माझी वाट बघू नकोस.

वाटाण्याच्या वाफ्यात तिची मांजरं शिरू नयेत म्हणून मी खोचलेल्या काटेरी फांद्या तेवढ्या उपटून टाक, संत्र्याची सालंही उचल. त्या दोन टवळ्यांमागे पाण्याची नळी घेऊन किती वर्षं धावलो मी! आणि कुंपणापलीकडून डोरीन खिदळायची, "नॉर्मन, म्हातारा झालास रे, नेम चुकतोय तुझा!" आता कोण चिडवणार?

संध्याकाळी चहाच्या वेळी डोरीन त्यांना बोलवायला जेवणाच्या काट्याने सार्डिन माशांचा डबा वाजवायची, तसाच आपल्या मागच्या दारात उभी राहून वाजव. तूच वाजव. मला बघितलं की ती घरी पळतात, आणि आज त्यांना पळायला घरच नाही.

नॉर्मन