मेघा बग्गीत बसली

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड
३ मार्च २०२४

आद. अण्णांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲप घरभर फिरतं, म्हणून पत्र. इथं येऊन सहा महिने झाले. हॉस्पिटलातली ड्युटी ठीक चालली आहे, भाकरी मात्र अजून तव्याला चिकटते.

एक गोष्ट सांगायची राहिली. वॉर्डात माझ्याबरोबर काम करणाऱ्या डेव्हिडनं मागच्या रविवारी मला समुद्रावर नेऊन बग्गीत बसवलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही. अण्णा, इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आईला एवढ्यात सांगू नका.

लोभ आहेच, तो रागावल्यावरही राहू द्या.
तुमची मेघा

छत्रपती संभाजीनगर
२६ मार्च २०२४

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पायरीवरच उघडून वाचलं. बग्गीत बसलीस आणि कळवतेस आता? आपल्याकडं बग्गीत नवरदेव बसतो, तोही घरच्यांना सांगून! माझा चेहरा बघूनच तुझ्या आईनं पत्र ओढून घेतलं. ती म्हणते, पोरीनं परस्पर उरकलं व्हय, आम्ही काय मेलो होतो का? दोन दिवस ती धड जेवली नाही. तुझी आत्या द्वारकाबाई मात्र जावयाला कापड घ्यायला गुलमंडीवर जाऊनही आली. सदऱ्याचं माप कळव.

तुझ्या धाकट्या भावाचं, राजूचं, तुला ठाऊकच आहे. आठ वर्षांपूर्वी संक्रांतीला मांज्यानं गळा कापल्यापासून तो मोजकंच बोलतो. तुझं पत्र मात्र त्यानं दोनदा वाचलं.

रागाखाली माया आहे, ती ओळखून घे.
तुझे अण्णा

ख्राइस्टचर्च
१६ एप्रिल २०२४

आद. अण्णांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

हसावं की रडावं कळेना! डेव्हिड साठीचा आहे, त्याला तीन नातवंडं आहेत. माझं लग्नबिग्न काही झालेलं नाही. आत्यानं आणलेलं कापड राजूला शिवा. ही बग्गी म्हणजे तीन चाकांची बुटकी गाडी, ओहोटीनंतरच्या कडक वाळूवर पळणारी. तिला घोडा नाही, इंजिन नाही. तिला पतंग ओढतो.

हा शब्द मी मुद्दाम टाळला होता. आपल्या घरात तो कुणी उच्चारत नाही. आता सगळंच लिहिते. तुम्ही नको म्हणाला असताना तो लाल नायलॉन मांजा मी आणला होता. त्या दिवशी गच्चीवरून माझा पतंग कटला, दोरा रस्त्यावर आडवा गेला आणि तेवढ्यात राजूची स्कूटर आली. मांज्याची चक्री मी टाकीमागं लपवली. राजूचा गळा माझ्या मांज्यानं कापला, अण्णा.

पतंग दिसला की इथंही मी रस्ता बदलायचे. डेव्हिडला हे सांगितलं. बग्गीत बसवण्याआधी त्यानं तीन रविवार मला फक्त सोडायला शिकवलं. हातातल्या दोऱ्यांच्या मुठी सोडल्या की पतंग जागच्या जागी मरून पडतो. दोऱ्या जाड आहेत, त्यांना काच नाही. तरी तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. राजूला काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही, तरी मागते.
तुमची मेघा

छत्रपती संभाजीनगर
८ मे २०२४

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

पतंगाला जुंपलेल्या गाडीत माझी मुलगी! त्यापेक्षा लग्नाचा धक्का बरा होता.

चक्रीचं मात्र मला नवं नाही. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी ती मला टाकीमागं सापडली. मी ती बंबात जाळली. तुला विचारायचा मलाही धीर झाला नाही आणि तू एकटीच कुढत राहिलीस. ही माझी चूक.

तुझं पत्र राजूला दाखवावं की नाही, यात चार दिवस गेले. काल दाखवलं आणि त्याच्या बोलण्यानं मी हादरलोच. म्हणाला, मला तवाच कळलं होतं. गळ्यातला दोरा लाल होता, आन् गल्लीत लाल मांजा फक्त ताईकडं होता. ती उशाशी बसून रडायची, तिला आन् काय बोलायचं?

एका घरात तिघांनी आठ वर्षं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. आईला आज सांगितलं. ती आपल्या तिघांवरही भडकली आहे. मी तुला थांब म्हणूनच लिहायला बसलो होतो, पण राजूनं हातातला पेन काढून घेतला.

माया आहे तिथंच आहे, कमी समजू नकोस.
तुझे अण्णा

ता. क. ताई, त्या बग्गीत दोघं बसतात का? – राजू