गाडीखालून दिलेला होकार

तिसगाव,
३१ जानेवारी १९७२

प्रिय दादास,
प्रभूच्या नावाने सलाम वि. वि.

आई बरी आहे. मी बरी नाही. काल आराधना संपल्यावर पाळकसाहेबांनी माझं अभिनंदन केलं. अकोल्याच्या मोझेसशी माझं लग्न ठरलंय आणि मेमध्ये मी शाळेतली नोकरी सोडणार आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं! मुलाचे वडील तुला नगरला गॅरेजात भेटले आणि तू त्यांना ओके म्हणालास म्हणे.

दादा, तुझं ओके मला चांगलं ठाऊक आहे. ब्रेक लागला की ओके, चहा गार असला तरी ओके, मालकाने शिव्या घातल्या तरी मान खाली घालून ओके. बाबा गेले तेव्हा समाचाराला आलेल्यांनाही तू ओकेच म्हणत होतास. तेही मी सोसलं. पण मी काय तुझ्याकडे दुरुस्तीला आलेली जीप आहे? माझ्या शाळेच्या मुली यंदा पहिल्यांदाच सातवीच्या परीक्षेला बसताहेत. त्यांना इथवर आणायला मला सहा वर्षं लागली. मला न विचारता दिलेला शब्द परत घे.

लोभ आहे, पण सध्या तो मागू नकोस.
तुझी बहीण,
एलिझाबेथ

अहमदनगर,
७ फेब्रुवारी १९७२

प्रिय बहीण एलिझाबेथ हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

मास्तरीणबाई, पत्र लिहिलंस की छड्या मारल्यास? खरं सांगतो. मी जीपखाली उताणा होतो, तोंडावर ऑइल गळत होतं. वरून मुलाचे वडील विचारत होते, मुलगी नोकरी सोडेल ना, लग्न उन्हाळ्यात चालेल ना. मी खालून ओके, ओके करत गेलो. बाहेर आलो तर त्यांनी हातावर पेढाच ठेवला.

चुकलो. पण आता शब्द फिरवला तर मंडळीत तोंड कसं दाखवू? काल तुमच्या देवळात लग्नाच्या तीन पुकारींपैकी पहिली झालीही असेल. मुलगा सालस आहे, पाटबंधारे खात्यात कारकून आहे. राग गिळ आणि आईला जप.

रागावलीस तरी तुझाच भाऊ,
कृपादान

तिसगाव,
१४ फेब्रुवारी १९७२

दादास सलाम वि. वि.

पहिल्या पुकारीला मी तुझ्या उत्तराची वाट बघत गप्प बसले. काल दुसरी होती. पाळकसाहेबांनी आमची नावं वाचली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, की या लग्नाला कोणाची हरकत असल्यास सांगावी. आजवर आपल्या देवळात कोणी उठलेलं नाही. मी उठले. सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की हरकत नवरीची आहे. मुलाबद्दल वाईट बोलले नाही, त्याला मी ओळखतच नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तिसरी पुकार थांबवली.

तुला मंडळीत तोंड दाखवायचं आहे ना? मग रविवारी ये आणि तिथेच उभं राहून सांग, की तू मला विचारलं नव्हतंस. नाही आलास तर मला भाऊ नाही असं समजेन.

आईबरोबर घरी आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने चूल पेटवली आणि माझ्याकडे न बघता एवढंच सांगितलं, की तिच्या लग्नाच्या पुकारीला तिलाबी लई उठावंसं वाटलं हुतं.

वाट पाहते.
एलिझाबेथ