एक मिनिट न हलता

२४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी सायंटिस्ट. म्हणजे ट्रेनी. शहाद्याच्या केंद्रात लकवा झालेल्या माणसांना परत चालायला शिकवतात, आणि मेंदू पायाला नेमकं काय सांगतो यावर रिसर्च करतात. आम्ही आठ जण. त्यातले दोघे नंतर पुण्याच्या लॅबमध्ये वर्षभर ट्रेनिंगला जाणार. एक जागा माझी. दुसरीचं इतरांनी बघावं.

अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणे, बारावीनंतर नाशिकला हॉटेलात होतास, मग ड्रोनवाल्याच्या मागे, मग तोरणमाळचा मध विकत. आता मेंदू. पुण्याचं जमलं तर ठीक, नाहीतर पंधरा डिसेंबरला सुरत, मामाचं साड्यांचं दुकान. म्हटलं, डन.

२५ नोव्हेंबर
पहिली अट फालतू आहे. वजनकाट्यासारखी एक प्लेट. तिच्यावर डोळे मिटून एक मिनिट उभं राहायचं. अंग किती डोलतं त्याची रेघ कॉम्प्युटरवर येते. केंद्राच्या प्रमुख फाल्गुनी मॅडम म्हणाल्या, ज्याची स्वतःची रेघ नीट नाही त्याने पेशंटला हात लावायचा नाही. पुणे तर विसरायचंच.

उभा राहिलो. मोबाइल वाजला. फक्त कोणाचा आहे ते बघितलं. बाद.

संकल्प: मोबाइल सायलेंट.

२७ नोव्हेंबर
परत बाद. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या. जमीन हलली. मॅडमना सांगितलं, तुमची प्लेट चुकीच्या रोडवर आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या आधी कामिनी उभी होती तेव्हा तीन ट्रॅक्टर गेले.

कामिनी आमच्याच गावची. बीएस्सी. तिची रेघ पहिल्या दिवशीच सरळ आली. अशा माणसांना कल्पनाशक्ती कमी असते.

२९ नोव्हेंबर
प्रॅक्टिस करणार होतो. पण एकदम रिसर्च पेपरची आयडिया आली: तोरणमाळचा घाट चढणाऱ्यांचा तोल आणि मेंदू. वरचं नाव इंग्रजीत तीन रंगांत लिहिलं. दुपार त्यातच गेली. बाकीचा पेपर नंतर.

१ डिसेंबर, सोमवार
बाद. नाकाला खाज. हा शरीरधर्म आहे, चूक नाही.

माझ्यानंतर चुनीलाल आबांचा नंबर होता. डावी बाजू गेलेला पेशंट, काठीवर चालतात. मला प्लेटवरून उतरताना बघून म्हणे, तुले कोनत्या बाजूले झाया रे भो? म्हटलं, आबा, मी ट्रेनी आहे. आबा मान हलवून म्हणे, हां, सुरवातले मी बी लकवा मानेच ना.

कामिनी हसली. पेशंटसमोर हसणं शास्त्रीय नाही.

४ डिसेंबर, दत्तजयंती
अकराला माझा नंबर होता. वेळेत शहादा स्टँडला उतरलो. समोरच सारंगखेड्याची गाडी लागलेली, घोडेबाजार सुरू. विचार केला, चालण्याचा अभ्यास करायचा तर चार पायांपासून का नको? गेलो. फील्डवर्क.

व्हिडिओ भरपूर काढले. आता बघतोय तर निम्मे जिलबीचे आलेत. पण एक शोध लागला: घोडा उभ्याउभ्या झोपतो. पेपर नंबर दोन.

मॅडमचा फोन. म्हणाल्या, धीरज, दहा तारखेला शेवटचा चान्स. मेळ्यातल्या भोंग्यांमुळे पुढचं ऐकू आलं नाही. बहुतेक कौतुक असावं.

७ डिसेंबर
घरी कडक प्रॅक्टिस. दारातल्या ओट्यावर डोळे मिटून उभा. आईने बघितलं. म्हणे, काय व्हयनं रे तुले, नजर लागनी का? लगेच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. इतका ठसका लागला की ओट्यावरून खालीच आलो. आई म्हणे, बघ, केवढी नजर व्हती!

आपल्याकडे सायन्स का वाढत नाही ते कळलं.

१० डिसेंबर, बुधवार
शेवटचा चान्स. मोबाइल बंद. ट्रॅक्टर नाही. नाक शांत. डोळे मिटले आणि खरंच, अंग दगडासारखं! श्वास कळत नव्हता. आतून वाटत होतं, झालं, पुणे. इतकी सरळ रेघ कोणाची आली नसेल.

किती सरळ ते बघायला डोळे उघडले आणि कॉम्प्युटरकडे वाकलो.

तोपर्यंत खरंच सरळ होती. मॅडमनी पण मान्य केलं.

१२ डिसेंबर
कामिनी आणि आमच्या आठांतला भाईदास. पुणे.

मला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. स्पेशल केस असणारच, वाटलं. त्या म्हणाल्या, तुझ्या सगळ्या रेघा जपून ठेवल्यात. धडधाकट माणसाला स्थिर का राहता येत नाही, हा कामिनीचा पहिला अभ्यास आहे. तुझ्यावर करायचाय.

म्हणजे पेपरमध्ये मी आहेच. फक्त दुसऱ्या बाजूने. अप्पांना सांगितलं, पुण्याच्या रिसर्चमध्ये घेतलं. अप्पा म्हणे, पगार? म्हटलं, ज्ञान. अप्पा केळीला पाणी द्यायला गेले.

१४ डिसेंबर, रविवार
कामिनी घरी आली. पहिल्यांदाच माझ्याशी मॅडमसारखी बोलली. म्हणे, सहा महिने दर आठवड्याला इथे केंद्रात तुझी रेघ घ्यावी लागेल, तेवढे दिवस एका गावात राहशील ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं! ती म्हणे, शेवटचा सलग सहा महिने कुठे होतास?

मी आठवायला लागलो. नाशिक नाही. ड्रोनवाला तर नाहीच. तोरणमाळ... चहा गार झाला. ती म्हणे, राहू दे भाऊ, मी दुसरं कोणी बघते.

आईने बॅग भरली. उद्या सकाळची सुरत गाडी. मामाचा फोन येऊन गेला. म्हणे, काम सोपं शे. दुकानना दारमा उभं ऱ्हावानं. फक्त जागा सोडानी नही.