चिमणीचं नवं वायरिंग

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी. पुढे कोणी विचारलं तर तारखेनिशी दाखवता येते.

काम असं: सासऱ्यांच्या विमानाचं वायरिंग बदलणे. विमान दोन सीटचं, हिरवं, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठं. नाव चिमणी. लायसन्स बायकोकडे आहे, तीच चालवते. ९ मार्चला सासरे ऐंशीचे होतात. त्या दिवशी सकाळी ती त्यांना तळ्यावरून एक चक्कर मारून आणणार. सासूबाईंना त्यांनी पहिल्यांदा फिरवलं ते याच तळ्यावरून, चिमणीतूनच. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर सासरे वर गेलेले नाहीत (म्हणजे विमानाने).

चिमणीच्या वायरींवर अजून कापडाचं आवरण आहे. फ्यूज जुने, पुढचा दिवा पिवळट. बायको म्हणाली, उडतंय ना, मग राहू दे. या वृत्तीमुळेच आपण मागे राहिलो. मी सव्वीस वर्षं पंख्यांच्या कंपनीत काढली. विक्री विभागात होतो, पण पंखा आतून पाहिलेला आहे. पंखा आणि विमान यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हींना पाती, दोन्हींना वायर.

खरं कारणही लिहून ठेवतो, कारण हे कोणी वाचणार नाही. आमच्या लग्नात मी हॉलमधला एक प्लग लावला आणि अख्खा हॉल अंधारात गेला. चूक प्लगची. तेव्हापासून सासरे मला फ्यूजराव म्हणतात. चोवीस वर्षं झाली. ९ मार्चनंतर म्हणणार नाहीत.

७ जानेवारी

हँगरमधल्या, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमधल्या, मिस्त्रींना कल्पना दिली. विमानांच्या दुरुस्तीचं लायसन्स त्यांच्याकडे आहे, त्यामुळे त्यांची सही लागते. बाकी मी आहेच. मिस्त्री म्हणाले, काहीही काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधा, कुठून कुठे जाते ते लिहा. बरं म्हटलं. जुनी माणसं. चिठ्ठ्या कसल्या बांधायच्या, खिशात फोन आहे, फोटो काढीन.

संकल्प: रोज सकाळी सात ते अकरा काम. २० जानेवारीला काम पूर्ण. मग दीड महिना नुसतं पॉलिश.

९ जानेवारी

कामावर अंगभर चढवायचा ओव्हरऑल आला. निळा. अकरा खिसे. कोणत्या खिशात काय ठेवायचं हे ठरवण्यात सकाळ गेली. हेही कामच.

१२ जानेवारी

जोरदार दिवस. मिस्त्री रजेवर, त्यामुळे वेग आला. जुनं वायरिंग संपूर्ण काढलं. त्रेसष्ट फोटो.

दुपारी सासरे काठी टेकत आले. वायरींच्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, फ्यूजराव, यातलं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं? मी हसलो. मनात म्हटलं, थांबा जरा.

१३ जानेवारी

फोटो मोठे करून पाहिले. त्रेसष्टपैकी अठ्ठावन्न फोटोंत मी आहे. वायरी माझ्या डोक्यामागे. उरलेल्या पाचांत अंगठा.

उजेड मात्र छान पडलाय. एक फ्रेम करण्यासारखा आहे. बायकोने सगळे पाहिले आणि विचारलं, आता? मी म्हटलं, सगळं डोक्यात आहे. ती म्हणाली, फोटोत तरी डोक्यामागे दिसतंय.

१६ जानेवारी

नवी वायर आली. सगळी पांढरी. विमानाची अशीच असते म्हणे, जोडताना एकेकीवर नंबर घालत जायचं असतं. नंबर शेवटी एकदम घालू. मध्येमध्ये थांबलं की हात बसत नाही.

२१ जानेवारी

काल काम पूर्ण होणार होतं. दर्जाशी तडजोड करायची नाही म्हणून मुदत ५ फेब्रुवारी केली. मुदत मीच ठरवली होती, त्यामुळे वाढवायला कोणाला विचारावं लागलं नाही. स्वतःचं काम असण्याचा हा फायदा.

२८ जानेवारी

बटणांचं नवं पॅनेल बसवलं. चौदा बटणं. लागतात सहा. सासऱ्यांनी विचारलं, बाकीची आठ कशाला? भविष्यासाठी, म्हटलं. ते म्हणाले, विमान भविष्यात बस होणार आहे का?

४ फेब्रुवारी

सकाळी ९.१० : डोकं खाली, पाय सीटच्या पाठीवर, अशा अवस्थेत पॅनेलखाली शिरलो.

११.४० : बाहेर.

मधल्या वेळाबद्दल मिस्त्री हँगरभर जे सांगत फिरतायत त्यात अतिशयोक्ती आहे. पायांना धरून ओढलं हे खरं. पण मी स्वतःही आतून जोर लावत होतो. मुदत २० फेब्रुवारी.

१६ फेब्रुवारी

पहिली चाचणी. पुढच्या दिव्याचं बटण दाबलं, पेट्रोलचा काटा हलला. रेडिओचं दाबलं, शेपटीचा दिवा लागला. शेपटीच्या दिव्याचं दाबलं तेव्हा काहीच झालं नाही, पण शेजारच्या विमानातला माणूस उतरून लांब जाऊन उभा राहिला.

निष्कर्ष: वीज सगळीकडे व्यवस्थित पोचते आहे. फक्त पत्ते चुकलेत. नव्वद टक्के यश.

मिस्त्री म्हणाले, बॅटरीला मी आल्याशिवाय हात लावू नका.

२३ फेब्रुवारी

मिस्त्री यायचे होते. आठ मिनिटं वाट पाहिली.

धूर थोडाच होता. बॅटरीच्या दोन केबल दिसायला अगदी सारख्या आहेत, हा रचनेतला दोष. नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करतो तो डबा, गेला. पॅनेलही गेलं, भविष्यातल्या आठ बटणांसकट. मिस्त्रींनी केबल कशा लागल्यात ते बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. दुसरा अल्टरनेटर यायला सहा आठवडे.

९ मार्चला दोन आठवडे उरलेत.

२४ फेब्रुवारी

बायको ओरडली नाही. चिमणीच्या चाकाशेजारी स्टुलावर बसली आणि म्हणाली, बाबांनी चामड्याचं जुनं जाकीट उन्हात टाकलंय. रोज स्वतः उलटंपालटं करतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून जिना उतरायचा सराव करतायत, विमानात चढायला गुडघा वळला पाहिजे म्हणून.

मला फार वाईट वाटलं. आज संकल्प नाही.

१ मार्च

सासऱ्यांना सांगायला गेलो. वाटेत चार तांत्रिक कारणं पाठ केली. दार त्यांनीच उघडलं. जाकीट अंगात होतं. कारणं राहिली बाजूला, सरळ म्हणालो, मी वाट लावली, चिमणीत वीजच नाही.

ते म्हणाले, मॅग्नेटोंना हात लावलात का?

नाही म्हटलं. (ते कुठे असतात हे सापडलं नव्हतं.)

सासऱ्यांनी कपाटातून चिमणीची वही काढली. विमानाच्या जन्मापासून त्यावर झालेलं प्रत्येक काम तिच्यात लिहिलेलं असतं. पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. चिमणी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात बॅटरी नव्हती, स्टार्टर नव्हता, एक दिवा नव्हता. इंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो आपली आपण तयार करतात. समोरची पाती हाताने जोरात फिरवायची की इंजिन सुरू. बॅटरी असो वा नसो. हे मला माहीत होतंच, म्हणजे सांगितल्यावर लगेच समजलं.

मग विजेचं सगळं बसवलं कोणी, असं विचारलं. म्हणाले, मीच. मी पाती फिरवायला लागलो की ही डोळे गच्च मिटून घ्यायची. एकदा म्हणाली, तुमचा हात जाईल आणि मला आयुष्यभर तुम्हाला घास भरवावा लागेल. दुसऱ्या आठवड्यात स्टार्टर बसवला. मग बॅटरी आलीच, तर दिवेही लावले.

मग म्हणाले, तळ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं.

६ मार्च

माझं दोन महिन्यांचं काम मिस्त्रींनी दीड दिवसात काढलं. काढताना प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली, मला समोर उभं करून. जुना स्टार्टरही उतरवला. मग चिमणीला काट्यावर चढवलं. एकवीस किलो हलकी.

प्रकल्पाचं उद्दिष्ट मुळात वजन कमी करणे हेच होतं, असं आता मागे वळून पाहताना लक्षात येतं.

मिस्त्रींनी वहीत लिहिलं: मूळ स्थितीत आणले. सही केली. सल्लागार म्हणून माझा उल्लेख करा म्हटलं. म्हणाले, तसा रकाना नाही.

९ मार्च, सकाळी ६.५०

हवा स्वच्छ. वारा नाही. बायको पुढे, सासरे मागे, जाकीट घालून. चढताना गुडघा बरोबर वळला. रेडिओ म्हणून बायकोने हातातला छोटा घेतला. (त्याचे सेल घालायला मी पुढे झालो होतो, पण तिने आधीच घातले होते.)

माझ्याकडे चाकांखालचे लाकडी ठोकळे. खूण झाली की दोरी ओढायची. बायकोने तीनदा समजावलं. मिस्त्रींनी पाती फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, आणि चिमणी एकदम खोकली, थरथरली आणि सुरू झाली. सासऱ्यांनी काचेतून माझ्याकडे बघून अंगठा वर करून दाखवला. मीही दाखवला. मग मिस्त्री ओरडले की ही खूण होती, दोरी ओढा. ओढली.

पन्नास मिनिटं गवतावर उभा राहिलो. झाडांमागे गेली तेव्हा आवाजही गेला. एवढा वेळ मी काही न दुरुस्त करता कधी उभा राहिलेलो नाही.

८.०५ : उतरले. सासऱ्यांचे डोळे ओले होते, आणि ते लपवत नव्हते. माझ्या खांद्यावर हात टाकून खाली आले. म्हणाले, अगदी तसंच होतं. ना काटा हलत होता, ना दिवा लागत होता. नुसतं तळं. मग चिमणीच्या पोटाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, एवढं स्वच्छ वायरिंग मी आयुष्यात बघितलं नाही, जावईबापू.

जावईबापू. मिस्त्री साक्षीला आहेत. चोवीस वर्षांनी.

१० मार्च, सकाळी

सासऱ्यांकडून खोकं आलं. त्यात माझी पांढरी वायर, नीट गुंडाळलेली. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: उत्तम प्रतीची आहे. चिमणीपासून दूर ठेवावी.

म्हणजे घरी वापरावी. अर्थ उघड आहे. बेडरूममधला पंखा किती दिवस हळू फिरतोय. आणि पंखा म्हणजे तर माझा विषय. संकल्प: आजच. चार फोटो काढलेत, एकातही मी नाही.

१० मार्च, संध्याकाळी ७.१५

मेणबत्तीच्या उजेडात लिहीत आहे. चूक पंख्याची.

आत्ताच सासऱ्यांचा फोन आला. त्यांचं घर तीन गल्ल्या पलीकडे आहे. त्यांच्याकडेही वीज गेलीय. त्यांनी एवढंच विचारलं, फ्यूजराव, तुम्हीच ना?